सुपाऱ्यांवरचा पोकर

"पोकर येतो का हो तुम्हांला?" दादांनी विचारलं, तेव्हा मोरेमामांचा पोह्यांचा घास तोंडापाशीच थांबला.

मामा माणूस साधा. भाच्यासाठी मुलगी बघायला चिपळूणहून दोन एसट्या बदलून आमच्या गावात आले होते. पगार विचारतील, पत्रिका मागतील, घराणं काढतील, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं घोकून आले असणार. पोकर हा शब्द त्यांनी बहुधा जन्मात पहिल्यांदा ऐकला. त्यांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा म्हणजे रघुवीर शिर्के. तो चिपळूणच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचा.

"तीनपानी येते," तो म्हणाला. "दिवाळीत घरी खेळतो आम्ही."

"तीनपानी!" दादा हसले. "अहो, तो नशिबाचा खेळ. गाढवालाही जमतो. पोकर म्हणजे माणसं ओळखायचा खेळ. शालन, चटई घाल."

मी चटई घातली. मला सत्ताविसावं लागलं होतं, आणि ही चटई मी आजवर पाच स्थळांसमोर घातलेली होती.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, बोटीवर होते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, कारण दादांनीच ते सगळ्यांना सांगितलं होतं. बोटीवर काय होते, ते मात्र सांगत नसत. बारा वर्षं त्यांनी स्टोअरच्या किल्ल्या सांभाळल्या आणि आचाऱ्याला डाळ-तांदूळ काढून दिले. तिथंच कुणा ग्रीक खलाशाकडून पोकर शिकले, आणि एक सिद्धांत घेऊन घरी परतले. माणूस आईला कळत नाही, बायकोला कळत नाही, पण पत्त्यांवर बसला की अर्ध्या तासात उघडा पडतो. हा सिद्धांत त्यांना स्वतःलाही लागू असेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नाही. सिद्धांतवाल्यांच्या मनात ते सहसा येत नाही.

तर आमच्या घरी जावयाची परीक्षा पोकरवर व्हायची. पैसे नाहीत, सुपाऱ्या लावायच्या. दारची पोफळीची बाग, त्यामुळे सुपारीला तोटा नव्हता. बिस्किटांचा मोठा डबा भरून सुपाऱ्या यायच्या, प्रत्येकासमोर पन्नास ठेवायच्या. पाच पत्ते वाटायचे, नकोत ते एकदा बदलून घ्यायचे, आणि मग सुपाऱ्या लावत जायचं. ज्याला धीर होत नाही त्याने पत्ते टाकायचे. शेवटी जो "दाखवा" म्हणेल त्याच्यासमोर पानं उघडायची. सगळेच घाबरून पळाले, तर उरलेल्या माणसाने डाव न उघडता घेऊन टाकायचा. हाती काही नसताना नुसत्या थापेवर दुसऱ्याला पळवून लावायचं, यालाच ब्लफ म्हणतात, आणि दादांच्या मते जगातली सगळी अक्कल त्यात साठवलेली होती.

पहिल्या स्थळाने दादांना हरवलं. "जुगारी दिसतोय," दादा म्हणाले. दुसरा हरला. "बावळट." तिसऱ्याने ब्लफ मारला आणि पकडला गेला. "लबाड, आणि वर कच्चा." चौथ्याने मारला आणि पकडला गेला नाही. "पक्का लबाड." पाचव्याने हात जोडून सांगितलं, आमच्या घरी पत्त्यांना शिवत नाहीत. त्याला दादांनी चहासुद्धा धड पिऊ दिला नाही. आई म्हणायची, "ह्यांच्या परीक्षेत देव उतरला तरी नापासच व्हायचा." पण म्हणायची ती स्वयंपाकघरात.

पत्ते वाटायचं काम माझं. मी नऊ वर्षांची असल्यापासून दादांबरोबर खेळत होते, कारण आई पत्त्याला हात लावत नसे आणि गावातली माणसं दादांच्या बढायांना कंटाळून आमच्या ओटीवर फिरकत नसत. मी गावच्या शाळेत मास्तरीण होते. शाळा सकाळची असायची. घरी आले, जेवले, की दुपारी दोन ते चार पोकर. अठरा वर्षं, गणपतीचे पाच दिवस सोडून रोज. एवढ्यात दादांची एक खोड मला पाठ झाली होती. हाती चांगली पानं असली की ते कुरकुरत, चिडत, पाय दुखतोय म्हणत. आणि हाती काही नसलं की एकदम गोड व्हायचे. "बाळा" म्हणायचे. मी कधी त्यांना हे सांगितलं नाही. शिकवणाऱ्यापाशी सगळंच शिकलेलं दाखवू नये.

त्या दुपारी चौघं बसलो. मोरेमामांना खेळ कळला नव्हता, पण नाही म्हणायची सोय नव्हती. तीन-चार डाव किरकोळ झाले. रघुवीर शांतपणे खेळत होता. हरला तर हसत होता, जिंकला तर सुपाऱ्या नीट रचून ठेवत होता. मला तो आवडला. सावळा, लांब बोटांचा, आणि आमच्या घरात आलेला पहिला पुरुष, ज्याने आईला "तुम्हीही बसा ना" म्हटलं. सांगायला लाज कसली, मनातल्या मनात मी त्याचं घर झाडून-सारवून मोकळी झाले होते.

पाचव्या डावाला मी आणि मामांनी पत्ते टाकले. रघुवीरने एक पान बदललं. दादांनी एकही नाही. बदललं नाही याचा अर्थ हातात पाचही पानं जमलेली आहेत, असा समोरच्याने घ्यायचा असतो.

"पाच," दादा म्हणाले.

"पाच," रघुवीरने सुपाऱ्या पुढे केल्या. "आणि वर दहा."

दादांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. "बाळा, तू मास्तर माणूस. कशाला त्रास करून घेतोस? माझ्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या," आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपली रास पुढे लोटली. "टाक. अजून वेळ गेलेली नाही."

मी मनातून ओरडत होते, अरे, बाळा म्हणाले ते! काही नाही त्यांच्या हातात! पण वाटणारीने बोलायचं नसतं. रघुवीरने आपली पानं पाहिली, मग दादांकडे पाहिलं, मग हसून पत्ते पालथे टाकले.

"बघितलंत मामा?" दादांनी मांडीवर थाप मारली. "अर्धा तासही नाही लागला. कळला माणूस!"

ते आपली पानं गड्डीत कोंबत होते, तेवढ्यात मी रघुवीरची गोळा केली. पाचही इस्पिकची. पोकरात याला फ्लश म्हणतात, आणि फ्लश असताना पत्ते टाकायला एक तर मूर्ख असावं लागतं, नाहीतर फार मोठ्या मनाचं.

आईने तेवढ्यात वेळ साधली. "शालन, बाग दाखव गो त्यांना. मामा, तुम्हांला चहा टाकते."

पोफळीत शिरल्याबरोबर मी विचारलं, "तुमच्याकडे फ्लश होता. टाकलात का?"

तो क्षणभर गडबडला. मग म्हणाला, "सुपाऱ्याच तर होत्या. पहिल्याच दिवशी सासऱ्याला हरवून मिळवायचं काय?"

सासऱ्याला म्हणाला तो. माझे कान तापले. अठरा वर्षं मी अशा माणसाच्या घरात राहत होते, जो सुपाऱ्यांवर हरला तरी रात्रभर कुशी बदलायचा. आणि इथे हा उभा होता, जिंकणारी पानं हसत टाकून देणारा. मला वाटलं, याच्या घरात श्वास घेता येईल.

"मला तुम्ही पसंत आहात," मी म्हटलं. असं बोलायची तेव्हा रीत नव्हती.

"मलाही," तो म्हणाला आणि पाटाच्या पाण्यात बघत राहिला.

चारच्या गाडीने ते गेले. एसटीचा धुरळा बसायच्या आत दादांनी निकाल लावला. "भेकड. नापास."

"त्यांच्याकडे फ्लश होता, दादा."

"मग तर महाभेकड! फ्लश हातात धरून पळाला? असला माणूस तुझ्यामागं काय उभा राहणार? एकदा पत्ते टाकणारा जन्मभर टाकतो."

"आणि तुमच्याकडे काय होतं?"

"उघडायचा नियम नाही."

मग मी बोलले ते बोलले. "एक डाव माझ्याशी खेळा. मी जिंकले तर उद्या चिपळूणला होकार कळवायचा. तुम्ही जिंकलात तर मी पुन्हा लग्नाचं नाव काढणार नाही."

आईच्या हातातली परात खाली आली. "शालन, असलं काही बोलू नये गो!"

पण दादांचे डोळे चमकले होते. पोटच्या मुलीचा जन्म पणाला लागला होता आणि ते तळहात चोळत होते. इतका चढा डाव त्यांना बोटीवरही कधी मिळाला नसावा. "वाट," ते म्हणाले. "आई कापेल पत्ते."

आईने पत्ते कापले. मी वाटले. माझ्याकडे दोन सत्त्या, बाकी कचरा. तीन पानं बदलली, कचऱ्याच्या जागी दुसरा कचरा आला. दादांनी एकच बदललं आणि पन्नासच्या पन्नास सुपाऱ्या पुढे सरकवल्या. मी माझ्या हातातल्या सत्त्यांकडे पाहिलं. दोन सत्त्यांवर कुणी शेजाऱ्याकडून विरजणसुद्धा आणायला जाणार नाही.

"बाळा," दादा म्हणाले, "बापाचं ऐक. टाक. मी रागावणार नाही."

"दाखवा," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. राजा, दश्शी, नव्वी, चौकी, तिर्री. एकाला एक लागत नव्हतं. मी सत्त्या शेजारी-शेजारी ठेवल्या.

दादा उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जिंकलीस, बाळा. शब्द म्हणजे शब्द. उद्याच पत्र टाकतो."

मी आईच्या गळ्यात पडले. आई रडली, मी रडले. बाळा म्हणाले ते, हे मला आनंदाच्या भरात ऐकूच आलं नाही.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. चिपळूणचं उत्तर आलं नाही. मी रोज पोस्टमनच्या वाटेवर काहीतरी निमित्त काढून उभी राहायची. पाच आठवडे गेले. "येईल, येईल," दादा म्हणायचे, "लग्नाच्या गोष्टी म्हणजे काही डाव नव्हे, वेळ लागतो." आणि दुपारी चटई घालायला सांगायचे. मी बापडी घालत होते.

मग शिक्षकांच्या एका बैठकीसाठी मला रत्नागिरीला जावं लागलं, आणि स्टँडवर मोरेमामा भेटले. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं, पण माणूस साधा, राहवलं नाही.

"आमचं काय चुकलं हो बाई?" ते म्हणाले. "पत्रिका जमत नाही म्हणून तुमच्या वडिलांनी कळवलं. पण आम्ही पत्रिका दिलीच कुठं होती?"

परतीच्या गाडीत मी बसून आले की उभ्याने, मला आठवत नाही. घरात शिरले तेव्हा दादा चटईवर बसून पत्ते पिसत होते.

"नकार कळवलात तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी पिसणं थांबवलं नाही. "अगं, शब्द दिला तो ब्लफ होता. तुला कळायला नको? इतकी वर्षं शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी?"

"का पण? काय वाईट केलं होतं मी तुमचं?"

उत्तर आईने दिलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दादांच्या तोंडावर त्यांच्याविरुद्ध बोलली. "तू गेलीस की ह्यांच्याबरोबर खेळायला कोण? गावात कुत्रं विचारत नाही ह्यांना. पाच स्थळं कशी नापास झाली, काय वाटलं तुला? विचार, विचार ह्यांना!"

मी दादांकडे पाहिलं. मला वाटलं, रागावतील, निदान खोटं तरी बोलतील. ते पत्ते सारखे करत पुटपुटले, "चिपळूण लांब पडतं. जवळपासचं कुणी असतं, दुपारचं येण्या-जाण्यासारखं, तर मी कशाला नाही म्हटलं असतं?"

एवढंच. दुपारच्या दोन तासांसाठी. माणूस दारूपायी घर विकतो, तेव्हा त्याची निदान कीव तरी करता येते. माझ्या बापाने सुपाऱ्यांच्या खेळासाठी मला घरात अडकवून ठेवलं होतं, आणि वर तो स्वतःला माणसांचा पारखी समजत होता. मला त्यांची किळस आली. मी पत्ते त्यांच्या हातातून घेतले नाहीत, फाडले नाहीत, काही केलं नाही. येत्या रविवारी चिपळूणला जायचं ठरवलं.

आईनेच सकाळच्या गाडीला बसवून दिलं. शिर्क्यांचं घर विचारत विचारत गेले. रघुवीर ओटीवर वह्या तपासत बसला होता. मला पाहून लाल पेन हातात तसंच धरून उठला.

मी पाणीही न घेता सगळं सांगितलं. पत्र खोटं होतं, माझा होकार होता, आहे. "मी स्वतः आले आहे," मी म्हटलं. "तुमचं मन काय ते सांगा."

"मन काय, होतंच की," तो म्हणाला. "पण आता मामांनी खेर्डीला एके ठिकाणी बोलणं लावलंय."

"ठरलं?"

"नाही, ठरलं नाही. पुढच्या रविवारी बघायला जायचंय."

"मग जाऊ नका."

तो हसला. तेच हसू, जे मी पाच आठवडे उराशी धरून बसले होते. "मामांना कसं सांगणार? त्यांनी त्या लोकांना वेळ दिलीय. उगीच वाईटपणा कशाला?"

मी म्हटलं, "एक विचारते. खरं सांगा. त्या दिवशी फ्लश असताना पत्ते का टाकलेत?"

"मामांनी मांडीला चिमटा काढला ना, टाक म्हणून."

"आणि बागेत मला म्हणालात ते?"

"तुम्ही विचारलंत," रघुवीर म्हणाला, "मग काहीतरी बोलायला हवं ना."

आतून त्याची आई विचारत होती, कोण आलंय रे? तो दाराकडे बघत राहिला. बहुधा चिमटा काढायला कुणी जवळ नव्हतं. मीच हाक मारून सांगितलं, "पत्ता चुकले होते, काकू," आणि पायऱ्या उतरले.

गाडीत रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, हसू आलं. दादा म्हणाले होते तसाच निघाला होता तो, शब्दन् शब्द. ज्या माणसाचं तोंड बघायची मला इच्छा नव्हती, त्याचंच म्हणणं खरं ठरलं होतं. आणि अठरा वर्षं पत्ते खेळून मी एक साधा भित्रा माणूस ओळखू शकले नव्हते.

घरी आले. दादा ओटीवर वाट बघत होते. चेहऱ्यावर ती पत्ते उघडण्यापूर्वीची अधीरता. "भेटला? काय म्हणाला?"

मला पुढचं सगळं दिसत होतं. खरं सांगितलं असतं तर ते मांडीवर थाप मारणार होते. "मी म्हणालो नव्हतो?" म्हणत हा डाव ते गावभर सांगत फिरणार होते, मरेपर्यंत. त्यांनी माझ्यावर उपकारच केले, असं ठरणार होतं.

"थांबला असता माझ्यासाठी," मी म्हटलं. "तुमचं पत्र वाचून आठ दिवस जेवला नाही, म्हणून त्याच्या आईने घाईने दुसरीकडे साखरपुडा उरकला. मला बघून रडला हो, दादा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. माणसं ओळखता यायची ना त्यांना? बघू दिलं. हळूहळू त्यांची मान खाली गेली.

त्या दिवसापासून आमचा पोकर बंद झाला. मी नाही म्हटलं नाही, त्यांनीच चटई मागितली नाही. पुढे मी लग्न केलं नाही, ते रघुवीरसाठी नव्हे. शाळा होती, मुख्याध्यापिका झाले, चार लोकांत मान होता, आणि खरं तर एकटीचं मला बरं चाललं होतं. पण दादांना वाटायचं, की मी त्या शिर्क्यासाठी झुरतेय. वाटू दिलं. कुठं लग्नाची वरात वाजली की ते उठून मागच्या दारी जाऊन बसायचे. मला ते दिसायचं.

चौदा वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आईला मी सगळं खरं केव्हाच सांगितलं होतं. एका सकाळी तिने मला मागच्या पडवीत गाठलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"आता सांग गो त्यांना," ती म्हणाली. "तो तसलाच होता म्हणून सांग. तुझं काही नुकसान केलं नाही म्हणावं. जीव अडकलाय त्यांचा त्यात. बाप आहे तुझा."

मी आत गेले. दादा जागे होते. हाडांचा सापळा झाला होता नुसता, डोळे तेवढे जिवंत. मला जवळ बोलावून म्हणाले, "शालन, तो शिर्के... चांगला होता ना गं?"

दारात आई उभी होती. पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत होती.

"लाखात एक होता, दादा," मी म्हटलं, आणि त्यांची उशी सारखी केली.